बक्षिसाला अपात्र, वापरायला पात्र? पटकथा स्पर्धेच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
संयोजन समिती,
पटकथा लेखन स्पर्धा, चित्रपट महोत्सव,
नाशिक

सप्रेम नमस्कार.

महोत्सवाचं नाव या पत्रात कुठेही घेतलेलं नाही. कुणाची बदनामी करायची हौस नाही, आणि मी ज्या नियमांबद्दल लिहिणार आहे तसले नियम आणखीही काही ठिकाणी चालतात असं कानावर येतं. ज्यांनी प्रवेशिका भरली होती त्यांना पत्र कोणाला आहे ते दोन ओळींत कळेल.

समारोपाच्या दिवशी पटकथा स्पर्धेचा निकाल आपण वाचून दाखवलात. एकही पटकथा अपेक्षित दर्जाची नव्हती, सबब तिन्ही पारितोषिकं राखून ठेवली. इथवर माझी तक्रार नाही. पारितोषिक राखून ठेवायचा अधिकार परीक्षकांना असतोच. राज्य नाट्य स्पर्धेचे आणि एकांकिका स्पर्धांचे निकाल ऐकत आम्ही नाशिककर मोठे झालो आहोत. सायखेडकर नाट्यगृहाबाहेर उभं राहून परीक्षकांच्या नावानं बोटं मोडायची, चहा प्यायचा आणि घरी जायचं, हे आम्हाला नवीन नाही. या वेळीही तेवढंच केलं असतं.

पण दुसऱ्या दिवशी आपलं पत्रक आलं. त्याच्या शेवटच्या परिच्छेदात म्हटलंय की आलेल्या पटकथांमधली निवडक कथाबीजं आपला निर्मिती विभाग वेब मालिकेसाठी विकसित करणार आहे, आणि त्यासाठी लेखकांची एक टीमही नेमली आहे.

आता मला सांगा, दर्जा नाही म्हणून ज्या पटकथांना हजार रुपयांचं उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा मिळालं नाही, त्यांच्यावर मालिका कशी उभी राहते? आणि राहणार असेल तर ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना कोणी विचारलं? मला तरी कोणी विचारलेलं नाही. माझ्या ओळखीच्या एकाही स्पर्धकाला विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते बंद पाकिटात नाही.

मी कोण हे सांगायला हवं. सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाजवळ, कोर्टाच्या बाजूला माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि वकिलांचे कारकून. दिवसभर प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, साठेखतं, कुलमुखत्यारपत्रं टाइप करते. संध्याकाळी कोर्टाची गर्दी ओसरली की शटर अर्धं ओढून माझं स्वतःचं लिहायला बसते. स्पर्धेला दिलेली पटकथा तशीच लिहिली. पेठ-सुरगाण्याकडून निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरणाऱ्या बायकांची ती गोष्ट आहे. डिपिंगचा हंगाम ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल. एका हातात जीए या संजीवकाच्या पाण्याचा डबा, दुसऱ्या हातानं मांडवातला घड सरळ करायचा, खालून डबा वर नेऊन तो बुडवायचा, हलकेच झटकायचा की पुढचा घड. मान दिवसभर वर. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत राहतं आणि बोलणं मात्र एकीचंही थांबत नाही. त्या बोलण्यातूनच माझी पटकथा निघाली. पुढची गोष्ट इथे सांगत नाही. आपल्या नियम क्रमांक ११ नंतर ती सांगायचा हक्क मला उरलाय की नाही, हेच तर आपल्याकडून कळून घ्यायचंय.

माझ्याकडे फक्त माझीच पटकथा नव्हती. स्पर्धेची जाहिरात आली आणि दुकानात वह्या येऊ लागल्या. सिन्नरचे एक निवृत्त एसटी कंडक्टर आले, त्यांची अख्खी पटकथा फुलस्केप वहीत, निळ्या शाईत, दृश्य क्रमांक लाल शाईत. मालेगावहून यंत्रमागावर काम करणारा एक तरुण आला. मालेगावात घरचे कॅमेरे आणि शेजारपाजारचे नट घेऊन सिनेमे काढायची परंपरा आहे हे आपल्याला मी सांगायला नको, आपल्याच महोत्सवाच्या व्याख्यानात तिचं कौतुक झालं होतं. गंगापूर रोडवरच्या कॉलेजातली एक मुलगी तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून घेऊन आली आणि म्हणाली, ‘ताई, ऐकून टाइप कराल?’ या सगळ्यांशी बोलून, त्यांची परवानगी घेऊनच मी हे लिहितेय.

आता नियम क्रमांक ११.

स्पर्धा जाहीर झाली तेव्हाची नियमावली माझ्याकडे छापील आहे. धंदाच छपाईचा, त्यामुळे कागद टाकवत नाही. तीत नऊ नियम आहेत आणि हक्कांबद्दल एक अक्षर नाही. मग प्रवेशिका कमी आल्या म्हणून की काय, आपण मुदत वाढवलीत. त्याच वेळी जुनी फाइल काढून त्याच नावाची नवी फाइल ठेवलीत. आमच्यापैकी बहुतेकांनी तोवर पैसे भरून पटकथा पाठवल्या होत्या. त्यांना नियम बदलल्याचा ना मेल आला ना मेसेज. नव्या फाइलमध्ये अकरा नियम आहेत. दहावा मुदतवाढीचा. अकरावा असा की स्पर्धेसाठी आलेल्या सर्व साहित्याचे सर्व माध्यमांतले सर्व हक्क कायमस्वरूपी संयोजकांकडे राहतील आणि लेखकाला त्यापोटी कोणताही मोबदला मागता येणार नाही.

माझ्या धंद्यामुळे डोळ्याला एक खोड आहे, म्हणून सांगते. पहिले दहा नियम एका टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, आहेत. अकरावा दुसऱ्याच टंकात आहे, अक्षर एका पॉइंटनं लहान आहे, आणि ‘हक्क’मधला क्क पाय मोडून दोन तुकड्यांत उभा आहे. हा परिच्छेद आपल्या कार्यालयात बसून, विचार करून लिहिलेला नाही. दुसरीकडून उचलून इथे डकवलेला आहे. तो कोणी डकवला आणि समितीतल्या किती जणांनी वाचला, हे आम्हाला जाणून घ्यायला आवडेल.

वीस बाय दहाची खोली अकरा महिन्यांसाठी भाड्यानं द्यायची तरी आम्ही लिहितो: जागेचं वर्णन, चतुःसीमा, मुदत, भाडं, अनामत, वीजबिल कोणी भरायचं, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. आणि माणसाची अख्खी पटकथा कायमची घ्यायची तर अर्धं वाक्य, तेही मागाहून घातलेलं!

कायदाही याहून वेगळं सांगत नाही. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी लागतं आणि त्यावर देणाऱ्याची सही लागते. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश आणि मोबदला किती, हे त्यात लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात त्याबद्दल वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते हस्तांतरण संपतं. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनं कलम १८ मध्ये लेखकांसाठी एक सोय झाली. सिनेमात वापरलेल्या लेखनाचं चित्रपटगृहाबाहेर जे उत्पन्न होतं, त्यातला रॉयल्टीचा वाटा लेखकाला सोडूनच देता येत नाही. आणि कलम ५७ तर असं आहे की हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. आपल्या नियम ११ वर आमच्यापैकी एकाचीही सही नाही. नियमावलीत एक ओळ वाढवून आमच्या पटकथा आपल्या झाल्या, असं आपल्या कायदा सल्लागारांचं मत असेल तर त्यांनी ते सहीनिशी लिहून द्यावं, मी फुकट टाइप करून देईन.

पण माझी खरी भीती दुसरीच आहे, आणि आपल्या पत्रकातल्या ‘कथाबीजं’ या शब्दामुळेच ती वाटते. कायदा लिहिलेल्या मजकुराचं रक्षण करतो, नुसत्या कल्पनेचं नाही. १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. ते नाटककार होते. सिनेमा काढणाऱ्यांना त्यांनी आपलं नाटक तपशिलात ऐकवलं होतं. पुढे त्याच विषयावर सिनेमा आला, आणि कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कॉपीराइट नसतो असं म्हणून न्यायालयानं निकाल त्यांच्या विरोधात दिला. म्हणजे आमची पटकथा जशीच्या तशी उचलली तर आम्ही भांडू शकतो. पण बागेतल्या बायका, त्यांचं बोलणं, मुकादमाशी झालेला तंटा, असं एकेक वेचून दुसऱ्याच्या हातून लिहून घेतलं तर आमच्या हाती काय राहतं? ही पळवाट आपण मुद्दाम शोधलीत असा आरोप मी करत नाही. पण ती आहे, आणि आपलं पत्रक नेमकं तिच्याच तोंडाशी उभं आहे.

आपण म्हणाल, महोत्सव भरवायला पैसा लागतो. लागतो, आणि तो कसा उभा राहतो हे आम्ही पाहतो. सभागृहाचं भाडं, प्रोजेक्टर, पाहुण्यांची मुंबईहून ने-आण, हॉटेल, कसारा घाटात अडकलेली गाडी आणि खोळंबलेलं उद्घाटन. प्रायोजकांच्या दारात जाऊन बसणं हे सुखाचं काम नाही. म्हणूनच प्रवेश शुल्काबद्दल मी फार बोलणार नाही. एवढंच नमूद करते की साहित्यकृतीच्या कॉपीराइट नोंदणीला केंद्र सरकार ५०० रुपये घेतं. आपण प्रवेशिकेचे दीड हजार घेतलेत, वर जीएसटी. मुदतवाढीनंतर आलेल्यांकडून त्याहून जास्त. त्या पैशांत काय मिळणार होतं हे आपल्या माहितीपत्रकात छापलेलं आहे: नामवंत परीक्षक आणि प्रत्येक स्पर्धकाला लेखी अभिप्राय.

नामवंत परीक्षकांची नावं ‘लवकरच’ जाहीर होणार होती. महोत्सव उरकला, ती आजतागायत जाहीर झालेली नाहीत. परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील म्हणता, पण परीक्षक कोण? राज्य नाट्य स्पर्धेत निदान ते समोर खुर्चीत बसलेले दिसतात. दुसऱ्या अंकात कोणाला डुलकी लागली तर विंगेतून तेही दिसतं. इथे आमच्या पटकथा कोणी वाचल्या हेच गुलदस्त्यात आहे. वर नियम असा की प्रत्येक पानावर लेखकाचं पूर्ण नाव आणि गाव हवं! शाळेच्या परीक्षेतसुद्धा उत्तरपत्रिकेवर नाव चालत नाही, क्रमांक लागतो. मुदत तर आपण महोत्सवाच्या तोंडावर आणून ठेवलीत. नव्वद ते एकशेवीस पानांची एक पटकथा लक्ष देऊन वाचायची तर दीड-दोन तास जातात. एकूण प्रवेशिका किती आल्या ते आपण सांगितलेलं नाही. सांगितलंत तर बाकीचा हिशेब आम्ही करू.

लेखी अभिप्राय मात्र मिळाला. तीन वाक्यांचा. संवाद अधिक टोकदार हवेत, मध्यभागी गती मंदावते, शेवट परिणामकारक आहे. मला मिळाला तोच मालेगावच्या तरुणाला, तोच कॉलेजच्या मुलीला, शब्दन् शब्द तोच. मुलगी तर म्हणाली, ‘ताई, माझा शेवट मला स्वतःलाच आवडलेला नाही, त्यांना कसा आवडला?’ पण खरी कमाल सिन्नरच्या काकांची. त्यांच्या पटकथेत एकही संवाद नाही. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या मुक्कामापर्यंत एका एसटीचा एक दिवस, पूर्ण मूक. मी स्वतः टाइप केली आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत संवादाची एकही ओळ नाही. त्यांनाही संवाद अधिक टोकदार करायला सांगितलंय. काकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘वाचलंच नाही ओ यांनी.’ एवढंच. चिडलेसुद्धा नाहीत. मी चिडले.

आपल्या फलकावर, प्रवेशपत्रिकेवर, स्मृतिचिन्हावर सगळीकडे दादासाहेब फाळक्यांचं चित्र असतं. असायलाच हवं. १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस १९१३ मध्ये पहिला चित्रपट काढून झाल्यावर कारखाना घेऊन नाशकातच आला, आणि १९४४ मध्ये इथेच गेला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. त्यांचे बहुतेक सगळे चित्रपट मूक होते. संवाद नसलेल्या पटकथेत संवादांचा दोष काढणारा अभिप्राय त्यांच्या चित्राखाली छापून यावा, याचं हसू येतं आणि हसून झाल्यावर वाईट वाटतं. आणखी एक आठवण करून देते. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स या त्यांच्या चित्रपट कंपनीत पैसेवाल्या भागीदारांशी पटेना, तेव्हा फाळके सगळं सोडून काशीला निघून गेले आणि तिथे नाटक लिहीत बसले. करणारा आणि पैसा घालणारा यांच्यातला हा तंटा या गावाला नवा नाही. फाळक्यांना हार घालणाऱ्यांनी त्यात कोणाच्या बाजूनं उभं राहायचं, हे मी सांगायची गरज पडू नये.

तांत्रिक छाननीबद्दल लिहिताना हात जरा सैल सोडते, कारण हा माझा रोजचा विषय आहे आणि यात अज्ञानाखेरीज कोणाचा दोष नसावा. नियम सांगतो: कुरिअर टंक, बारा पॉइंट, नव्वद ते एकशेवीस पानं, पानाला एक मिनिट. हे मोजमाप इंग्रजी टंकलेखन यंत्रावरून आलं. कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. आपण कुरिअर निवडलं तरी कॉम्प्युटर गुपचूप दुसरा कुठला तरी देवनागरी टंक लावतो, माझ्याकडे एक, तुमच्याकडे दुसरा. त्यात आपल्या अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यामुळे ओळ उंच लागते आणि पानात मजकूर कमी मावतो. तेच दृश्य मराठीत लिहिलं की पानं वाढतात. सिनेमा तेवढाच राहतो. तरीही पानं जास्त भरली म्हणून आपण पटकथा छाननीतच बाद केल्यात. डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद अशी दोन रकान्यांची मांडणी आपल्याकडे कितीतरी वर्षं चालत आली आहे. ती करणाऱ्यांनाही ‘फॉरमॅट चुकीचा’ म्हणून परत पाठवलंत. एका स्पर्धकानं जुन्या श्रीलिपीतली वर्ड फाइल पाठवली. आपल्याकडे तो टंक नसणार, तेव्हा ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला असणार. त्याला फोनवर ‘फाइल करप्ट आहे’ असं सांगून विषय संपवला. पीडीएफ मागितली असती तर पाच मिनिटांचं काम होतं.

आणि मराठी पटकथेला इंग्रजी सारांश सक्तीचा कशासाठी? मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपल्याच व्यासपीठावर टाळ्या वाजल्या होत्या. दुकानात आलेल्या एका गृहस्थांनी इंग्रजी सारांश लिहून देणारा माणूस शोधला आणि त्याला टायपिंगपेक्षा जास्त पैसे मोजले. परीक्षकांना मराठी येत नसेल तर मराठी विभागाला ते परीक्षक नकोत. येत असेल तर सारांश मराठीत चालावा.

हे सगळं आपल्याशी आधी बोलायचा प्रयत्न झाला नाही असं समजू नये. पत्रक आल्यावर मेल केला, उत्तर नाही. फोन केला, तर उत्तर मिळालं की ‘ती नुसती फॉर्मॅलिटी आहे हो मॅडम, असं सगळेच लिहितात.’ मॅडम रोज अशा फॉर्मॅलिट्या टाइप करते आणि त्यांच्यावरून वर्षानुवर्षं चालणारे दावे समोरच्या इमारतीत बघते. नुसती फॉर्मॅलिटीच असेल तर काढून टाकायला अडचण कुठली? मग कार्यालयात गेले. तिथे सांगितलं की नव्या लेखकांना आम्ही संधी देतोय, त्यांनी आधी नाव कमवावं. नाव कसं कमवायचं, जर मालिकेच्या श्रेयनामावलीत ते येणारच नसेल?

आता मागण्या. त्या अवघड नाहीत.

नियम ११ लेखी मागे घ्या, आणि यंदा आलेल्या प्रत्येक पटकथेचे सगळे हक्क लेखकाकडेच आहेत असं पत्र प्रत्येक स्पर्धकाला पाठवा. बाद झालेल्यांनाही. ही पहिली आणि मुख्य मागणी. बाकीच्या सगळ्या सोडल्या तरी ही सुटणार नाही.

तोवर मालिकेचं काम थांबवा. एखादी पटकथा आपल्याला खरंच आवडली असेल तर तो आनंदच आहे, त्या लेखकाला बोलवा, समोर बसवा. सिनेमाच्या धंद्यात याची रीत आहे. ठरावीक मुदतीसाठी रक्कम देऊन पटकथा राखून ठेवायची, त्या मुदतीत काम झालं नाही तर हक्क लेखकाकडे परत, झालं तर ठरलेलं मानधन आणि पडद्यावर नाव. मराठीत छापलेला, लेखकाला वाचता येईल असा करार, आणि तो घरी नेऊन कोणाला तरी दाखवायला आठवडाभर वेळ. कोणाच्या पटकथा आपल्या टीमच्या हातात दिल्या आहेत, हे त्या लेखकांना आजच कळवा.

परीक्षकांची नावं आणि एकूण प्रवेशिकांचा आकडा जाहीर करा. ज्यांनी जुन्या नियमांवर पैसे भरले आणि ज्यांना आता प्रवेशिका मागे घ्यायची आहे, त्यांचं शुल्क परत द्या. काकांना आणि बाकीच्यांना खरा अभिप्राय द्या, अर्ध्या पानाचा चालेल, पण पटकथा वाचून लिहिलेला. पुढच्या वर्षी पानांवर नावाऐवजी क्रमांक असू द्या, देवनागरीसाठी टंक आणि पानमर्यादा वेगळी ठरवा, दोन रकाने चालू द्या, इंग्रजी सारांश ऐच्छिक करा. टंक कुठला ठेवावा हे ठरवायला मदत लागली तर माझं दुकान आपल्या कार्यालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आणि नियम एकदा जाहीर झाले की स्पर्धा संपेपर्यंत ते बदलू नका.

आमच्या बाजूनं काय चाललंय तेही सांगते, म्हणजे नंतर धमकी दिली असं होणार नाही. दुकानात येणाऱ्या लेखकांना मी आता सांगते की पटकथा कुठेही पाठवायच्या आधी तिची नोंद करा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन ऑनलाइन नोंदणी करता येते. नाहीतर सरकारी कॉपीराइट कार्यालय आहेच. हक्क लिहिल्या क्षणापासून लेखकाचाच असतो. नोंदणी लागते ती पुढे कोणी विचारलं तर दाखवायला. तारीख असलेली प्रत आणि पाठवलेला मेल पुसू नका, हेही सांगते. यंदाचे जे स्पर्धक एकत्र आले आहेत ते पंधरा दिवस आपल्या उत्तराची वाट पाहतील. त्यानंतर वकिलामार्फत एक नोटीस जाईल. आमच्या आवारात वकिलांची कमी नाही, आणि दोघातिघांनी फी न घेता लिहून द्यायची तयारीही दाखवली आहे. ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. नाशकात महोत्सव हवा, पटकथेची स्पर्धाही हवी. ती बंद पडली तर सिन्नरच्या काकांची दुसरी वही कुठे जाईल? दुसरी वही सुरू झाली आहे. या वेळी त्यात संवाद आहेत, असं ते मुद्दाम दुकानात येऊन सांगून गेले.

हे पत्र सोमवारी आम्ही आपल्या कार्यालयात हाती आणून देऊ. सोबत दोन्ही नियमावल्यांच्या प्रती असतील, अकराव्या नियमाखाली पेन्सिलीनं रेघ मारलेल्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि वेळ घालून पोच द्यावी. मागच्या वेळी काउंटरवरचा मुलगा म्हणाला होता, ‘पोच कशाला, मी सांगतो ना सरांना.’ या वेळी पोच हातात पडेपर्यंत आम्ही तिथेच बसू.

कळावे,

आपल्या स्पर्धेची एक स्पर्धक,
आणि तिच्या दुकानात पटकथा टाइप करून घेतलेले इतर लेखक
सीबीएस, नाशिक